जपानी कुटुंबातील एक सत्र : बौद्ध विद्यार्थ्याने काय पाहावे, काय शिकावे

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या समाजास प्रथम स्मरण होते ते परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ साली तेथून लंडनला गेले. त्या ज्ञानाचे पुढे काय झाले हे आपण सारे जाणतोच. त्या काळी परदेशी शिक्षण म्हणजे कित्येक वर्षे घरादारापासून दूर राहणे होते. आज त्याच्या जोडीला एक लहान वाट खुली झाली आहे. महाविद्यालयात शिकत असतानाच एक सत्र, म्हणजे साधारण चार ते सहा महिने, परदेशातील विद्यापीठात काढावयाचे आणि परत येऊन आपली पदवी पूर्ण करावयाची, अशी ती वाट होय. जपानमध्ये असे सत्र काढणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण वसतिगृहात न राहता एखाद्या जपानी कुटुंबात राहतात. यालाच तिकडे ‘होमस्टे’ म्हणतात.

हा विषय निघाला की पालक आम्हांला हमखास एक प्रश्न विचारतात : “जपान म्हणजे बौद्ध देश. तेव्हा आमची मुलगी आपल्याच माणसांत राहील ना?” या प्रश्नात आपुलकी आहे. पण त्याचे उत्तर नुसते ‘होय’ असे देऊन चालणार नाही. जपानी घरातला बौद्ध धर्म आपल्या घरातल्या धम्मासारखा नाही. तेथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि डोळे उघडे ठेवून पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. विद्यार्थी व पालक यांना या दोन्ही बाजू आधी ठाऊक असाव्यात, एवढ्यासाठी हा लेख.

सत्र, भाषा आणि कागदपत्रे

जपानी विद्यापीठांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. दुसरे सत्र सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू होते. आपल्या महाविद्यालयाचा किंवा विद्यापीठाचा एखाद्या जपानी विद्यापीठाशी देवाणघेवाणीचा करार असेल तर मार्ग सोपा होतो. अशा करारात बहुधा विद्यार्थी आपली फी येथेच भरतो व तेथे त्याला शिकवणीची फी द्यावी लागत नाही. प्रवास, राहणे व जेवण यांचा खर्च मात्र उरतोच. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या पदव्युत्तर पदवी व पीएच.डी. यांसाठी आहेत, एका सत्रासाठी नाहीत. एका सत्रासाठी जपान सरकारच्या व त्या त्या विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांची चौकशी करावी, आणि ती किमान एक वर्ष आधी करावी.

भाषेची तयारी येथेच झाली पाहिजे. जपानी भाषा प्राविण्य परीक्षेच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी. पुणे व मुंबई येथे ही परीक्षा देता येते आणि पुण्यात जपानी शिकविण्याची चांगली परंपरा आहे. विद्यापीठातील काही वर्ग इंग्रजीत असतात हे खरे, परंतु घरातील आजी इंग्रजीत बोलणार नाही. निदान एन-५ उत्तीर्ण होऊन जाणाऱ्याला घरात तोंड उघडता येते.

तीन महिन्यांपेक्षा अधिक राहणाऱ्यास विमानतळावर किंवा पुढे पत्त्यावर निवासपत्र मिळते. राहण्याचे ठिकाण निश्चित झाल्यापासून १४ दिवसांच्या आत स्थानिक नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो व राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालावे लागते. अर्धवेळ काम करावयाचे असेल तर वेगळी परवानगी लागते आणि शिक्षण चालू असताना आठवड्यास २८ तासांची मर्यादा असते. या कामगिरीवरच सारा खर्च भागेल, असा हिशेब करून कोणी घर सोडू नये.

यजमान कुटुंबाबाबत तीन गोष्टी आधीच लेखी विचारून घ्याव्यात : दरमहा किती रक्कम द्यावयाची, त्यात कोणती जेवणे धरली आहेत आणि विद्यापीठास जाण्यास किती वेळ लागतो. आपण काय खात नाही हेही आधीच कळवावे. जपानी स्वयंपाकात माशाचा अर्क पुष्कळ पदार्थांत असतो. ‘भाजी’ म्हणून वाढलेल्या वाटीतही तो असतो. शाकाहारी विद्यार्थ्याने हे ध्यानात घ्यावे.

घराची रीत

जपानी घरात शिरताना दारालगतच्या खोलगट जागेत जोडे काढतात आणि त्यांची टोके दाराकडे करून ठेवतात. आत घालावयाच्या सपाता वेगळ्या, संडासातल्या वेगळ्या, आणि तातामी नावाच्या गवती चटयांच्या खोलीत सपातादेखील चालत नाहीत. बाहेरून आल्यावर ‘तादाइमा’, म्हणजे ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’, असे म्हणावयाचे. घरातून उत्तर येते ‘ओकाएरी’. जेवणाआधी हात जोडून ‘इतादाकिमास’ व जेवण झाल्यावर ‘गोचिसोसामा’ म्हणतात. पहिल्या शब्दात मिळालेले अन्न नम्रपणे स्वीकारल्याचा भाव आहे, दुसऱ्यात ते देणाऱ्याच्या कष्टाची जाणीव. यजमानांना पुष्कळ घरांत ‘ओतोसान’ व ‘ओकासान’, म्हणजे बाबा व आई, अशी हाक मारतात. मात्र कोणत्या नावाने हाक मारावी हे त्यांनाच विचारणे बरे.

भातात काड्या उभ्या खोचू नयेत. मृताला भात ठेवताना तसे करतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये. अंत्यसंस्कारानंतर अस्थी तशा उचलतात. कचरा जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या असा वेगवेगळा करून ठरलेल्या वारीच बाहेर ठेवावा लागतो. शाळेतदेखील मुले आपला वर्ग व व्हरांडा स्वतः झाडतात, पुसतात. झाडू हाती घेणे हे तेथे कोणा एका जमातीच्या नशिबी लिहिलेले काम मानलेले नाही. आपल्या मुलांनी हे नीट पाहावे. आणि पाहून थांबू नये. घरात पाहुणा फार तर दोन दिवस पाहुणा असतो, नंतर तो घरचा होतो. आपले ताट उचलणे, आपले अंथरूण घडी करून कपाटात ठेवणे, आपली खोली झाडणे हे मुलगा असो की मुलगी, दोघांनीही करावे. मुलाने घरी कधी भांडे विसळले नसेल तर जाण्याच्या आधी महिनाभर आईच्या हाताखाली शिकून जावे.

आता आंघोळीविषयी. जपानी लोक प्रथम टबाबाहेर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुतात आणि मगच गरम पाण्याच्या टबात उतरतात. ते पाणी एकाने वापरले म्हणून ओतून देत नाहीत. घरातील सर्वजण एकामागून एक त्याच पाण्यात बसतात. म्हणूनच त्यात साबण जाऊ द्यावयाचा नाही आणि उठताना पाणी सोडून द्यावयाचे नाही. पुष्कळ घरांत पहिला मान पाहुण्याला देतात. तो उतरलेल्या पाण्यात मग घरातील माणसे उतरतात. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यासाठी ज्या समाजाला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातील विद्यार्थ्याला या साध्या घरगुती रिवाजाचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

घरातील बुत्सुदान

जुन्या वळणाच्या घरांत, विशेषतः जेथे आजी-आजोबा आहेत तेथे, एक लाकडी कपाट दिसते. त्यास ‘बुत्सुदान’ म्हणतात. ‘बुत्सु’ म्हणजे बुद्ध. आत पंथाप्रमाणे बुद्धाची मूर्ती किंवा चित्र असते आणि बहुतेक पंथांत दिवंगत नातलगांच्या नावांच्या लहान पाट्या असतात. सकाळी ताज्या भाताची मूद ठेवतात, उदबत्ती लावतात, लहानशी घंटा वाजवून हात जोडतात. शहरातील नव्या सदनिकांत हे कपाट नसतेही.

जपानमध्ये बौद्ध धर्म सहाव्या शतकात कोरियातून गेला. पुढे तेथे शिंगोन, जोदो, जोदो शिनशू, झेन, निचिरेन असे अनेक पंथ झाले. सतराव्या शतकात तेथील राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती धर्माचा बंदोबस्त करण्यासाठी प्रत्येक कुटुंबाची नोंद एखाद्या बौद्ध मंदिरात असावी असा दंडक घातला. त्यामुळे मंदिर हे मुख्यतः कुटुंबाच्या अंत्यविधीचे व पूर्वजांच्या स्मरणाचे स्थान बनले. १८७२ साली सरकारने भिक्षूंच्या विवाहावरील बंदी उठविली. तेव्हा मंदिरात पत्नी व मुलांसह राहणारे पुरोहित दिसले तर विद्यार्थ्याने दचकू नये. तसेच घरात बुत्सुदान असूनही यजमान “आमचा काही विशेष धर्म नाही” असे म्हणतील आणि नववर्षाला शिंतो देवळातही जातील. आपण जसे विचारपूर्वक, प्रतिज्ञापूर्वक बौद्ध झालो, तसे त्यांचे नाही. त्यांच्याकडे तो घराण्याबरोबर आलेला आहे.

सणही निराळे आहेत. आपण बुद्धजन्म, ज्ञानप्राप्ती व महापरिनिर्वाण हे तिन्ही वैशाख पौर्णिमेस मानतो. जपानमध्ये जन्म ८ एप्रिलला, ज्ञानप्राप्ती ८ डिसेंबरला व परिनिर्वाण १५ फेब्रुवारीला पाळतात. ८ एप्रिलला बालबुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा ओततात. पहिल्या सत्रासाठी वेळेवर पोहोचलेल्या विद्यार्थ्याला हे पाहता येईल. मार्च व सप्टेंबरमध्ये, दिवस व रात्र समान होतात त्या सुमारास, सात दिवस ‘हिगान’ असतो. हिगान म्हणजे पैलतीर. त्या दिवसांत लोक पूर्वजांच्या समाधी धुऊन स्वच्छ करतात. पूर्वजांचा मोठा सण म्हणजे ओबोन. तो बहुतेक भागांत ऑगस्टच्या मध्यास येतो. त्याची कथा मोकुरेन, म्हणजे आपले महामोग्गलान, यांनी आपल्या मातेस दुःखातून सोडविल्याची आहे.

बावीस प्रतिज्ञा आणि पाहुण्याचे वर्तन

येथे आपल्या विद्यार्थ्यापुढे खरा प्रश्न उभा राहतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातील सहावी श्राद्ध व पिंडदान न करण्याची आहे. मग पूर्वजांच्या पाटीपुढे भात ठेवणाऱ्या घरात आपण काय करावे?

आमचे मत असे. प्रतिज्ञा आपण घेतलेली आहे, ती आपल्या वर्तनासाठी आहे, यजमानांच्या आजीला उपदेश करण्यासाठी नाही. बुत्सुदानापुढे घरातील माणसे बसली असता आपण शांत बसावे, बुद्धाला वंदन करावे, त्या कुटुंबाच्या दुःखाचा व स्मृतीचा आदर करावा. मृताला अन्न पोहोचते असे आपण मानत नाही, म्हणून ते अर्पण करण्यास सांगितले तर नम्रपणे “आमच्याकडे अशी पद्धत नाही, मी नुसते वंदन करतो” असे म्हणावे. त्यात कोणाचा अपमान होत नाही. उलट पुढचा प्रश्न येतो : “मग तुमच्याकडे कशी पद्धत आहे?” तो प्रश्न म्हणजे बोलण्याची सुरुवात होय.

हीच गोष्ट मद्याची. जपानमध्ये वीस वर्षांखालील व्यक्तीस मद्यपानाची परवानगी नाही. त्यावरील वयाच्या विद्यार्थ्यास मात्र घरी किंवा मित्रमंडळीत आग्रह होऊ शकतो. पाचवे शील आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा ही आपल्याला ठाऊक आहेत. ‘ओसाके वा नोमिमासेन’, म्हणजे ‘मी दारू पीत नाही’, हे एक वाक्य पाठ करून जावे. हसून सांगितले की पेल्यात चहा येतो आणि संगत सुटत नाही.

जे घरात सहसा बोलले जात नाही

आता दुसरी बाजू. बौद्ध देश म्हटला की तेथे जन्माधिष्ठित विषमता नसणार, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. इतिहास तसे सांगत नाही. जपानमध्ये मेलेल्या जनावरांचे कातडे सोलणे, कमावणे, तसेच मृत्यूशी संबंधित कामे करणाऱ्या लोकांना विटाळाच्या कल्पनेने शतकानुशतके गावाबाहेर ठेवण्यात आले. त्यांच्या वस्त्यांना बुराकू आणि त्या लोकांना बुराकुमिन म्हटले जाते. १८७१ साली सरकारने हुकूम काढून त्यांचा हीन दर्जा कायद्याने रद्द केला, पण लोकांच्या मनातून तो गेला नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे या लोकांनी ‘सुइहेइशा’ ही आपली संघटना स्थापन केली. ‘सुइहेइ’ हा शब्द लिहिताना पाणी व सपाट अशी दोन चिन्हे येतात. स्थिर पाण्याचा पृष्ठभाग जसा कोठे उंच नाही, कोठे खाली नाही, तसा समाज, हा त्यातील अर्थ. महाडच्या सत्याग्रहापूर्वी पाच वर्षे, हजारो मैलांवर, दुसऱ्या एका पददलित समाजाने आपल्या चळवळीचे नाव पाण्यावरूनच घ्यावे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुःखाची गोष्ट अशी की या भेदभावात बौद्ध मंदिरांचाही हात होता. जपानी प्रथेप्रमाणे मृत व्यक्तीला मंदिराकडून एक धार्मिक नाव दिले जाते. बुराकुमिनांच्या मृतांच्या नावांत कित्येक ठिकाणी हीनत्व दाखविणारी चिन्हे घालण्यात आली व ती समाधीच्या दगडांवर कोरली गेली. म्हणजे मरणानंतरही अस्पृश्यता सुटली नाही. १९७९ साली एका जागतिक धर्मपरिषदेत जपानी बौद्ध प्रतिनिधीने जपानमध्ये असा भेदभाव नाही असे सांगितले. त्यावर बुराकू चळवळीने जाब विचारला, ते विधान पुढे मागे घ्यावे लागले आणि पंथांना आपल्या नोंदी तपासून ही नावे बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले. १९७५ साली बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात असल्याचे उघड झाले. नोकरीच्या उमेदवाराचा पत्ता पाहून त्याचा जन्म ओळखावा, हा त्यामागचा हेतू. हा भेदभाव अजून आहे हे मान्य करून तो नाहीसा करण्यासाठी तेथील संसदेने डिसेंबर २०१६ मध्ये कायदा केला.

विद्यार्थ्याने हे जाणून घ्यावे, पण जेवणाच्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात विषय काढू नये. पुष्कळ घरांत यावर बोलणे टाळतात, आणि समोर बसलेली व्यक्ती कोणत्या वस्तीतून आलेली आहे हे आपल्याला ठाऊक नसते. कोणाचे मूळ विचारणे हीच तेथे जखम आहे, जशी आपल्याकडे आडनाव विचारणे. विद्यापीठात मानवी हक्कांवर वर्ग असतात, ग्रंथालयात पुस्तके असतात. तेथे अभ्यास करावा व संधी मिळाल्यास चळवळीच्या कार्यकर्त्यांना भेटावे.

यातून आम्ही एक निष्कर्ष काढतो. घरात बुद्धमूर्ती असणे ही एक गोष्ट आणि समतेचे वर्तन ही दुसरी. पहिलीमुळे दुसरी आपोआप येत नाही. सुत्तनिपातातील वसल सुत्तात भगवंतांनी जन्मावरील उच्चनीचता नाकारली. ते सुत्त त्रिपिटकात असूनही बौद्ध देशात दगडांवर हीन नावे कोरली गेली. ज्या घरात पाहुणा उतरलेल्या पाण्यात सारे कुटुंब उतरते, त्याच घरी मुलाच्या लग्नाच्या वेळी मुलीच्या गावाची गुपचूप चौकशी होऊ शकते. हे वाचून जपानला नावे ठेवण्यापेक्षा आपण आपल्या घराकडे पाहावे. आपल्या भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर आहे. तरीही लग्न जमविताना पोटजात विचारली जात नाही, असे आपण छातीवर हात ठेवून सांगू शकतो काय?

आपण कोण हे सांगावे

यजमान विचारतील, “भारतात बौद्ध आहेत काय?” अनेक जपानी लोकांना बुद्धगया व सारनाथ ठाऊक असतात, पण आजचे बौद्ध ठाऊक नसतात. तेव्हा संकोच न करता आपला इतिहास सांगावा. दोन्ही देशांना जोडणारी उदाहरणेही आहेत. नागपूरच्या इंदोरा बुद्धविहारातून अनेक दशके धम्मकार्य केलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई हे जन्माने जपानी. कामठी येथील ड्रॅगन पॅलेस टेंपल १९९९ साली जपानमधील ओगावा सोसायटीच्या सहकार्याने उभे राहिले. वाकायामा प्रांतातील कोयासान हे शिंगोन पंथाचे पीठ, तेथील विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा बसविण्यात आला. शक्य झाल्यास सुट्टीत तेथे जाऊन यावे आणि यजमानांनाही बरोबर चला म्हणावे.

जाताना बरोबर काय न्यावे असे विद्यार्थी विचारतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची इंग्रजी प्रत न्यावी, घरच्या मंडळींचे एक छायाचित्र न्यावे आणि आईच्या हातचा एक पदार्थ करण्यास शिकून जावे. ज्या दिवशी यजमान कुटुंब आपण केलेली भाकरी किंवा पिठले खाईल, त्या दिवशी भाषेची अर्धी अडचण दूर होईल.

आणि येताना काय आणावे? भेटवस्तू थोड्या आणाव्यात. सवयी मात्र पुष्कळ आणाव्यात : दिलेली वेळ पाळणे, आपला कचरा आपण उचलणे, जेवणापूर्वी राबणाऱ्या हातांची आठवण ठेवणे. परत आल्यावर पुढील विद्यार्थ्याला अर्ज कसा भरावा हे शिकवावे, कारण समाजाच्या आधारावर एक जण गेला तर त्याने दुसऱ्यासाठी दार उघडे ठेवले पाहिजे. असे करणारी एक मुलगी किंवा एक मुलगा प्रत्येक वस्तीतून तयार झाला, तर ‘आपली माणसे तेथे आहेत काय’ हा पालकांचा प्रश्न उरणार नाही. आपली माणसे तेथे असतील, कारण आपण ती जोडलेली असतील.

जय भीम! नमो बुद्धाय!